पाच पोरांचं टोळकं

मागच्या दिवाळीत नात आली होती. ती छत्रपती संभाजीनगरला समाजकार्याचं शिक्षण घेते, एमएसडब्ल्यू म्हणतात त्याला. आमच्या वेळी समाजकार्य म्हणजे गाडगेबाबांसारखं हातात खराटा घेऊन करायचं काम, ते कॉलेजात जाऊन शिकायचं असतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. तिला या वर्षी अभ्यासाला विषय मिळालाय, मुलांचे गट आणि बालगुन्हेगारी. जेवता जेवता तिने विचारलं, "आबा, तुमच्या वेळी मंठ्यात बालगुन्हेगार होते का हो?"

मी लगेच म्हणालो, "छे! आमच्या वेळी पोरं वांड असायची. गुन्हेगार कुठली?"

विषय तिथेच संपला. मी हात धुवायला उठलो आणि तांब्या हातात असतानाच १९८४ सालचा हिवाळा आठवला. मग रात्री झोप काही लागली नाही. या वयात ती तशीही लागत नाही म्हणा! पण त्या रात्रीचं कारण वेगळं होतं.

तर झालं होतं असं. तेव्हा मंठा हे परतूर तालुक्यातलं गाव. जालना जिल्हा होऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. त्या काळात कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती (ही योजना १९७२ साली सुरू झाली). म्हणजे शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, खासगी व्यापाऱ्याने तो घ्यायचा नाही. खरेदीच्या दिवसांत बैलगाड्यांची ही मोठी रांग लागायची. गाडीवान थंडीने कुडकुडत गाडीखाली झोपलेले असायचे. आमच्या आठवी-नववीतली पाच पोरं रात्री त्या रांगेत शिरायची आणि प्रत्येक गाडीच्या मागून मूठ मूठ कापूस ओढायची. एका गाडीतून फार नाही, म्हणजे मालकाला कळतही नाही. पिशवी भरली की एका दुकानात नेऊन द्यायची आणि मिळालेल्या पैशात टुरिंग टॉकीजचा खेळ बघायचा, वर भजी खायची.

एके रात्री सापडली. गाडीवानांनी धरून चोप दिला आणि सकाळी पाचही जणांना शाळेत आणून उभं केलं.

मी त्या वर्गाचा वर्गशिक्षक होतो. वय तेहतीस, अंगात रग. मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक बसली. मी तिथे जे बोललो ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "सर, हे टोळकं फोडलं पाहिजे. एकेकटी ही पोरं वाईट नाहीत. एकत्र आली की बिघडतात."

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी नातीच्या पुस्तकांकडे वळतो, कारण तिने जाताना दोन-तीन पुस्तकं आणि झेरॉक्सची एक चळत माझ्या टेबलावर ठेवली. "आबा, वाचा, तुम्हाला आवडेल," म्हणाली. रिकामा मास्तर तो, वाचल्याशिवाय राहतोय होय!

मराठीचा शिक्षक म्हणून माझं लक्ष आधी शब्दांकडे गेलं. आपल्याकडे अशा पोरांसाठी शब्दांची काही कमी नाही. उनाड, वांड, व्रात्य, टारगट, टवाळ... प्रत्येकाची छटा निराळी. यातला एकही शब्द पोराला कायमचा चिकटत नाही. वांड पोरगा मोठा होऊन तलाठी होतो आणि लोक हसत सांगतात, "लहानपणी काय वांड होता!" पण "बालगुन्हेगार" हा शब्द तसा नाही. तो कोर्टातून आला आणि एकदा लागला की निघत नाही. आता कायद्याने तोही सोडून दिलाय. पेपरात "विधिसंघर्षग्रस्त बालक" असं वाचायला मिळतं. म्हणायला जीभ अडखळते, पण त्यामागचा विचार चांगला आहे. मूल गुन्हेगार नाही, त्याचा कायद्याशी संघर्ष झालाय, एवढंच. रिमांड होमचं निरीक्षणगृह झालं. आमच्या पिढीतल्या आया मात्र पोराला धाक दाखवायच्या तो रिमांड होमचाच.

हा विचार आपल्याकडे आला कुठून? नातीच्या कागदांत त्याची हकीकत सापडली.

इंग्रजी अमलात सुरुवातीला मुलगा चोरी करताना सापडला की मोठ्यांच्याच तुरुंगात जायचा. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. पुढे १८७६ आणि १८९७ साली सुधारशाळांचे कायदे झाले. मुलाला तुरुंगाऐवजी अशा शाळेत ठेवायचं, सुतारकाम वगैरे शिकवायचं. तुरुंगापेक्षा बरंच म्हणायचं, पण मूळ समजूत तीच होती. पोरगा बिघडलाय, तर त्याला उचला आणि भिंतीआड दुरुस्त करून परत आणा. परत कुठे आणायचं? तर जिथून उचलला तिथेच! तिथलं काहीच बदललेलं नसायचं.

१८९९ साली अमेरिकेत शिकागो शहरात जगातलं पहिलं बालन्यायालय सुरू झालं. मुलाने काय केलं यापेक्षा त्याला काय हवंय, हे न्यायाधीशाने बघावं अशी त्यामागची कल्पना. हे वारं आपल्याकडे यायला पंचवीस वर्षं लागली. मद्रासला १९२० साली, बंगालमध्ये १९२२ साली आणि मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांचा कायदा झाला. १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि मुलांचं वेगळं कोर्ट सुरू झालं. या कायद्याखाली चोरी करणारी मुलं यायची, तशीच निराधार, भटकणारी, आई-बाप नसलेली मुलंही यायची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९४७ साली रत्तनशॉ यांचा पुण्यातल्या मुलांवरचा अभ्यास छापला. त्याच्या नावातच बालगुन्हेगारी आणि निराधारपणा हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. नाव वाचूनच मी थोडा थबकलो. का, ते पुढे कळेल.

(आपला मराठवाडा या सगळ्याच्या बाहेर होता, हे लक्षात घ्या. आपण निजामाच्या राज्यात. मुंबईचा कायदा आपल्याला लागूच नव्हता. १९४८ साली आपण मुक्त झालो आणि १९५६ साली मुंबई राज्याला जोडले गेलो.)

याच सुमारास मुंबईत एक माणूस आला, क्लिफर्ड मॅन्शार्ट. अमेरिकन मराठी मिशनने त्याला १९२५ साली पाठवलं. शिकागोत शिकलेला, पंचविशी ओलांडलेला तरुण. मिशनने त्याला भायखळ्याजवळच्या नागपाड्यात काम दिलं. नागपाडा म्हणजे तेव्हा दाटीवाटीची वस्ती. मुसलमान, ज्यू, ख्रिश्चन, हिंदू सगळे एकमेकांना खेटून राहणारे आणि पलीकडे कामाठीपुरा. मॅन्शार्टने तिथे देऊळ किंवा चर्च काढलं नाही. त्याने काढलं एक घर, नागपाडा नेबरहूड हाउस. आपण त्याला शेजारघर म्हणू. खेळ, व्यायाम, वाचनालय, व्याख्यानं. कुठल्याही धर्माच्या माणसाने यावं. शिकागोत जेन ॲडम्स या बाईंनी १८८९ साली हल हाउस नावाचं असंच घर काढलं होतं, त्याच जातकुळीतलं हे.

आता योगायोग बघा. मुंबईत हे घर उघडलं त्याच सुमारास, १९२७ साली, शिकागोत फ्रेडरिक थ्रॅशर नावाच्या अभ्यासकाचं एक पुस्तक निघालं. या माणसाने शिकागोतल्या एक हजार तीनशे तेरा टोळ्यांचा अभ्यास केला होता. १३१३! मला तर एका टोळीने घाम फोडला होता.

थ्रॅशरचं म्हणणं मला समजलं ते असं. टोळी कुणी ठरवून काढत नाही. ती आधी खेळणाऱ्या पोरांचा घोळका असते. रेल्वेचे रूळ, कारखाने आणि पडक्या चाळी यांच्या मधल्या बेवारशी जागेत हा घोळका जमतो. घरात जागा नाही, शाळेत गोडी नाही, वस्तीत करण्यासारखं काही नाही. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्यावर उठतं. शेजारच्या गल्लीतली पोरं असतील, पोलीस असतील, दुकानदार असेल. या मारामारीतून आणि हाकलाहाकलीतून घोळका घट्ट होतो, त्याची टोळी होते. म्हणजे टोळी बनवण्यात हाकलणाऱ्याचाही हात असतो.

हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. "टोळकं फोडलं पाहिजे" असं म्हणणारा मी, आणि हा बाबा म्हणतोय की फोडायला गेलात की ते पक्कं होतं!

नागपाड्याच्या घराची रीत नेमकी उलटी होती. पोरं घोळक्याने फिरतात ना, फिरू द्या. घोळक्यालाच आत घ्या. त्याला मैदान द्या, चेंडू द्या, नियम द्या, वेळ द्या. टोळीचा संघ होऊ द्या. पुढे हा नागपाडा भाग बास्केटबॉलसाठी देशभर गाजला. भारतीय संघाचे कर्णधार आणि १९७० सालचे अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे.

पण हे काम नुसत्या उत्साहावर चालत नाही, त्याला शिकलेली माणसं लागतात, हे मॅन्शार्टच्या लक्षात आलं. त्याने टाटा ट्रस्टच्या मंडळींना ते पटवलं आणि १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी, आणि वर्ग भरले ते नागपाड्याच्या त्याच घरात. आपल्या देशातली समाजकार्याची ही पहिली शाळा. दुसऱ्याच वर्षी तिथे मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र निघालं. मूल चोरी का करतं, शाळेतून का पळतं, हे त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलून समजून घ्यायचं. १९३९ साली मॅन्शार्टने भारतातल्या बालगुन्हेगारांवर एक पुस्तक संपादित केलं. १९४१ साली तो मायदेशी परतला. १९४४ साली या शाळेचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं आणि १९५४ पासून ती देवनारला आहे. आपल्या मराठवाड्यात तुळजापूरलाही तिची शाखा आहे. माझी नात जे शिकते त्याची गंगोत्री ही अशी, नागपाड्याच्या गल्लीत.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, हे फार गोड झालं. चेंडू दिला की पोरं सुधारतात होय? मलाही तेच वाटलं, म्हणून नातीला फोन केला. ती हसली आणि म्हणाली, "आबा, त्या थ्रॅशरने पुढे काय केलं ते चळतीत खाली आहे बघा."

खाली होतं. थ्रॅशर पुढे न्यूयॉर्कला गेला आणि तिथल्या मुलांच्या एका मोठ्या क्लबाचा त्याने काही वर्षं अभ्यास केला. १९३६ साली त्याने प्रामाणिकपणे लिहून टाकलं की एकट्या क्लबामुळे मुलांची गुन्हेगारी थांबली असं काही दिसत नाही. क्लब वाईट नव्हता. पण घर, शाळा, वस्ती, रोजगार, पोलीस यांनी मिळून काही केलं नाही, तर संध्याकाळचे दोन तास पुरत नाहीत. स्वतःला आवडलेल्या कल्पनेविरुद्ध जाणारं खरं लिहायला छाती लागते. माझा त्या माणसाबद्दलचा आदर उलट वाढला.

तरी चेंडूचं महत्त्व मी कमी मानत नाही. आपल्या नागपूरचंच उदाहरण घ्या. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली पोरं पावसात एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यांनी पोरांना फुटबॉल दिला, आणि त्यातून २००१ च्या सुमारास झोपडपट्टी फुटबॉलचं काम उभं राहिलं. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा "झुंड" हा चित्रपट त्यांच्यावरच बेतलेला आहे. बारसे सरांनी पोरांना चेंडू दिलाच, पण त्याहून मोठं म्हणजे ते स्वतः वर्षानुवर्षं पोरांबरोबर राहिले. थ्रॅशरच्या शंकेला मला तरी हेच उत्तर दिसतं. चेंडू हे निमित्त. चेंडूच्या मागे रोज येऊन उभा राहणारा एक मोठा माणूस लागतो.

आणि १९२४ पासून आजवर इतके कायदे झाले (१९८६, २०००, २०१५...), तरी आपण समाज म्हणून काय शिकलो? मे २०२४ मध्ये पुण्यात एका सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीखाली दोन तरुण जीव गेले, आणि काही तासांत त्याला जामीन मिळाला. अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. देशभर संताप झाला, तेव्हा निर्णय फिरवला गेला. पारावर जो तो मला विचारायचा, "काय मास्तर, तुम्ही किती मार्क दिले असते?" मी हसून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मला निबंधाचा राग नव्हता. सुधारण्याची संधी सतरा वर्षांच्या मुलाला मिळाली पाहिजे, असंच मी आता मानतो. राग याचा होता की ही संधी कुणासाठी मोठ्या लोकांची धावपळ होते त्यावर ठरते.

हे मी कुठल्या तोंडाने म्हणतोय, ते आता सांगतो. १९८४ कडे परत येतो.

बैठकीनंतर पाचही जणांच्या पालकांना बोलावलं. चौघांचे वडील आले. एकाने सगळ्यांसमोर पोराच्या कानफटात वाजवली, एक हात जोडून रडला, एकाने सरपंचांना बरोबर आणलं, एकाने नुकसान भरून देतो म्हणून सांगितलं. चौघांना ताकीद देऊन वर्गात बसवलं. पाचव्याकडून कुणी आलं नाही. त्याचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले. तो आजीजवळ राहायचा आणि आजीला डोळ्यांनी दिसत नव्हतं. मी त्याला म्हणालो, "पालकाला घेऊन ये, मगच वर्गात बस."

आई-बाप परत येणार पट्टा पडल्यावर, उन्हाळ्यात. हे मला माहीत होतं. तरी म्हणालो.

तीन-चार दिवस तो शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा. ते चौघे मधल्या सुट्टीत त्याच्याशी बोलायला जायचे. मी त्यांना बोलावून दम दिला, "त्याच्या नादी लागाल तर याद राखा." टोळकं फुटलं. मी जिंकलो. मग तो फाटकाशीही दिसेना. काही दिवसांनी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी माझ्या हाताने लिहिलं, "सतत गैरहजर. नाव कमी केले." माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

ऊसतोड मजुरांच्या जथ्यालाही टोळीच म्हणतात, बरं का. मुकादमाची टोळी. बापाची टोळी कारखान्याला चालत होती. पोराची टोळी आम्हाला चालली नाही. नंतर कुणीतरी सांगितलं की पुढच्या वर्षी तोही ऊसतोडीला गेला. चौदा-पंधरा वर्षांचं पोर.

आणि तो चोरीचा कापूस विकत घेणारा दुकानदार? कायद्याने त्याला कापूस घ्यायचीच बंदी होती. गावात तो कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला कुणीही काही विचारलं नाही. मीही नाही. त्याच्याच दुकानातून महिन्याचा किराणा आणत होतो.

बाकीच्या चौघांचं चांगलं झालं. एक सरकारी नोकरीतून आता निवृत्तीला आलाय, एकाचं दुकान आहे, दोघे शेती बघतात. लग्नकार्यात भेटतात, पाया पडतात, "सर, तुम्ही शिस्त लावली म्हणून आम्ही मार्गी लागलो," म्हणतात. मी मान डोलावतो. पण मला आता वाटतं, ते मार्गी लागले ते माझ्या शिस्तीने नाही. त्यांचे बाप त्या दिवशी गावात होते म्हणून. रत्तनशॉ यांच्या पुस्तकाच्या नावाशी मी का थबकलो, ते आता कळलं असेल. पाचांचा गुन्हा एकच होता. निराधार एकटाच होता, आणि शिक्षा त्यालाच झाली.

नातीला मी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, "बेटा, मी खोटं बोललो. आमच्या वेळीही होते." तिने विचारलं, "किती?" मी म्हणालो, "एक. तोही मीच बनवला." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आबा, हे लिहून काढा." म्हणून हे लिहिलं.

आमच्या घरासमोरच्या पारावर हल्ली संध्याकाळी सात-आठ पोरं बसतात. मोबाईल, मोटरसायकली, मोठमोठ्याने हसणं. गल्लीतले लोक म्हणतात, मास्तर, तुम्ही तरी यांना हाकला. गेल्या आठवड्यापासून मी रोज तिथे जाऊन बसतो. पहिल्या दिवशी पोरं उठून गेली. दुसऱ्या दिवशी दोघं बसून राहिली. काल एकाने विचारलं, "आजोबा, तुम्ही शाळेत मारायचे का हो?" म्हटलं, "मारायचो. बस, सांगतो."

त्या वर्गातले कुणी हे वाचत असाल तर तुम्ही स्वतःला ओळखालच. पाचव्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, तुम्हाला ते माहीत आहे. तो कुठे आहे हे ठाऊक असेल तर मला फोन करा. त्याला भेटून काय बोलायचं हे अजून ठरलेलं नाही. पण या वेळी पालकाला मीच जाऊन भेटणार आहे, आणि तो पालक आता तो स्वतःच असेल.